शपथेचा आलेख

आमच्या घरात माझ्या डोक्याला फार मान होता. हुशार होतं म्हणून नव्हे, शपथ घ्यायला हाताशी होतं म्हणून. पप्पांना दारू सोडायची लहर आली, की आई मला हाक मारायची. मी खेळ टाकून, नाहीतर ताटावरून उठून यायची आणि पप्पांसमोर मांडी घालून बसायची. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "केतकीची शपथ, आजपासून बंद." हात जड असायचा, थरथरायचा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. मग आई शिरा करायची आणि आम्ही तिघं एका खोलीत बसून तो खायचो. अख्ख्या बालपणात आम्ही तिघं एकत्र बसून काही खाल्लंय ते तेवढंच.

या शपथेची एक रीत होती. शपथ उद्या घ्यायची, म्हणून आज 'शेवटची' प्यायची. श्रावण पाळणारी माणसं आदल्या अमावास्येला गटारी करतात, तशी आमच्याकडे प्रत्येक शपथेची आपली छोटी गटारी व्हायची. त्या दिवशी आई भांडायची नाही. उलट स्वतः ग्लास धुऊन द्यायची, शेंगदाणे भाजून द्यायची. एकदाचं सुटणार म्हटल्यावर तेवढं करायला काय जातंय, असं तिला वाटायचं. पुढे शपथ मोडली, की मोडल्याच्या दुःखात पप्पा पुन्हा प्यायचे. म्हणजे शपथेच्या अलीकडे दारू, पलीकडे दारू, आणि मधे माझं डोकं. आम्हाला कुणालाच यात काही वावगं दिसलं नाही.

पप्पा म्हणजे उल्हास माळी. सांगलीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. पूर्वी विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी यायच्या, आता विजेवरच्या रिक्षांच्या येतात. पण जळलेली मोटार ती जळलेली मोटार. शुद्धीत असले तर त्यांच्यासारखा कारागीर जिल्ह्यात नाही, आणि हे मी मुलगी म्हणून बोलत नाही, गिऱ्हाइकं बोलतात. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पुण्याची नोकरी मी नाकारली, एक चांगलं स्थळही नाकारलं. आईने कधीच हात टेकले होते आणि शपथ घालायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी गेले तर या माणसाला कोण आवरणार, असा माझा तोरा होता.

यकृताच्या डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं, "आता हे परत प्यायले, तर माझ्याकडे आणायची तसदी घेऊ नका." तेव्हा मी पप्पांना मिरजेच्या टोपीकडे घेऊन गेले.

टोपी हे लोकांनी पाडलेलं नाव. खरं नाव लांबलचक आहे. ती डोक्यावर घातली, की मेंदूत खोलवर कुठे किती हालचाल होते ते समोरच्या भिंतीवर रेघेने दिसतं. डॉक्टर नाझनीन मुजावर ते केंद्र चालवतात. चाळिशीतल्या, गोड बोलणाऱ्या, पण नजर अशी की पेशंटने खोटं बोलायचं धाडस करू नये. त्यांनी आम्हाला आधी समजावून सांगितलं.

"काका, मेंदूत एक रसायन असतं, डोपामाइन. लोक त्याला सुखाचं रसायन म्हणतात. पण ते सुख देत नाही, ते 'आता मिळणार' अशी वर्दी देतं. सुरुवातीला दारू पोटात गेली की ते उसळतं. मग मेंदू शिकतो, की दारूच्या आधी काय येतं. ग्लासाचा आवाज, एखादी गल्ली, एखादा मित्र. हळूहळू ती उसळी दारूवरून सरकून त्या खुणेवर जाऊन बसते. पुढे दारूत मजा राहत नाही, पण खूण दिसली की ओढ तशीच."

"मजा तर कधीच गेली मॅडम," पप्पा म्हणाले. "शिव्या घालत पितो मी."

"तेच तर. आजवर आम्ही काय करायचो? जुन्या सवयीवर नवी सवय चढवायचो. तिचा उपयोग होतो, खूप माणसं त्यावर उभी राहिली. पण जुनी खाली तशीच असते. दहा वर्षांनी खूण समोर आली, की माणूस पुन्हा तिथेच. आता एक नवं कळलंय. आठवण जागी केली, की ती काही तास मऊ होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. त्या मऊ वेळात आमचं औषध दिलं, तर आठवण राहते, पण तिला बांधलेली ओढ सुटते. फक्त नेमकी खूण सापडायला हवी."

पप्पांचे डोळे चमकले. "म्हंजे वार्निश गरम करायचं आणि जळकं वेटोळं ओढून काढायचं. मोटार तीच."

"अगदी तसंच," डॉक्टर हसल्या.

खूण शोधायला आम्ही घरून सामान नेलं होतं. त्यांचा ग्लास, देशीची बाटली, भाजलेले शेंगदाणे आणि त्यांचे दोस्त बाळू मिस्त्री यांचा "येतोस काय रं?" असा रेकॉर्ड केलेला आवाज. पप्पा खुर्चीत बसले, टोपी चढली. डॉक्टरांनी एकेक वस्तू पुढे केली. ग्लासाला रेघ जराशी हलली. बाटलीच्या वासाला थोडी आणखी. बाळूकाकांच्या आवाजाला एक उंचवटा आला आणि विरला.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढं जुनं व्यसन आणि एवढीशी उसळी? काका, काहीतरी राहिलंय. घरात आणखी काय होतं तुम्ही पिण्याआधी?"

पप्पांना घाम फुटला होता. परीक्षेत नापास होणाऱ्या मुलासारखे ते माझ्याकडे बघत होते. मला राहवलं नाही. मी उठले, त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"पप्पा, घाबरायचं नाही. आपल्याला बरं व्हायचंय. घ्या माझी शपथ."

यंत्र किंचाळलं. मी मान वळवून पाहिलं तर भिंतीवरची रेघ वरच्या कडेला जाऊन थडकली होती. डॉक्टर खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"हात काढा," त्या म्हणाल्या. रेघ उतरली. "आता इथे ठेवा." त्यांनी स्वतःचं डोकं पुढे केलं. पप्पांनी संकोचत हात ठेवला. रेघ सपाट. "आता परत केतकीच्या."

रेघ पुन्हा वर थडकली.

पप्पा ओठांवरून जीभ फिरवत होते. घसा कोरडा पडल्यासारखे आवंढे गिळत होते. "मॅडम," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आत्ता मला लई प्यावंसं वाटाय लागलंय."

माझे कान बंद झाले. डॉक्टर काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी तशीच जमिनीवर बसून होते आणि डोक्यावरचा हात कधी उचलला गेला तेही मला कळलं नाही. बाटली नव्हे, बाळूकाका नव्हेत. मी. ज्या माणसाला वाचवायला मी जन्म घालवला, त्याला प्यायला लावणारी सगळ्यात मोठी खूण मीच होते.

डॉक्टरांनी पाणी दिलं, खोदून खोदून विचारलं, आणि शेवटच्या प्याल्याची ती घरगुती गटारी बाहेर आली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून मेंदूला शिकवलंय, की या डोक्यावर हात म्हणजे दारू आलीच. इतकी वर्षं, न चुकता."

"मग आता?" मी विचारलं.

"दोन रस्ते आहेत. तुम्ही यांच्यापासून लांब राहायचं, कायमचं. किंवा ही खूण सोडवायची. पण केतकी, या खुणेला दारू एकटी बांधलेली नाही. यांची तुमच्यावरची मायाही त्याच गाठीत आहे. आठवणी सगळ्या राहतील, तुमचं नाव-गाव, वाढदिवस, सगळं. पण तुम्ही समोर आलात की यांच्या काळजात जे हलतं, ते कदाचित हलणार नाही. किती जाईल ते मी सांगू शकत नाही. आणि गेलेलं परत आणता येत नाही."

पप्पांनी टोपी उपसून काढली. "झालं का तुमचं? चल गं घरला. पोरीची माया घालवून जगू व्हय मी? त्यापरीस मेलेलं बरं."

"मरूनच जाल!" मी ओरडले. "पुढच्या खेपेला खरंच मराल. पप्पा, तुम्हाला माझी शपथ आहे, हो म्हणा."

बोलता बोलता मी पुन्हा त्यांचा हात धरून माझ्या डोक्याकडे ओढत होते. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. डॉक्टरांच्या आलं.

"केतकी," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही बसता का जरा त्या खुर्चीत?"

"मी कशाला?"

"बसा तर."

रागारागाने बसले, टोपी चढवून घेतली. मनात म्हटलं, बघू दे हिला निरोगी मेंदू कसा दिसतो ते. बाटलीचा वास दिला, रेघ ढिम्म. मी पप्पांकडे विजयाने बघितलं. मग डॉक्टरांनी पप्पांना इशारा केला आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"केतकीची शपथ," ते पुटपुटले, "आजपासून बंद."

यंत्र तेवढ्याच जोरात किंचाळलं.

मी वर बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. माझ्या छातीत तेच चाललं होतं जे दर शपथेला चालायचं. ऊब, हुरहूर, आता सगळं चांगलं होणार अशी खात्री. भिंतीवरची रेघ म्हणजे तेच होतं.

"व्यसनाला वस्तू लागतेच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शपथ कधी चार दिवस टिकली, कधी दोन महिने, कधी त्याच संध्याकाळी मोडली. कधी मिळेल, कधी नाही, याचा भरवसा नसला की मेंदू जास्तच चिकटतो. जुगारी असाच अडकतो. तुम्हाला यांच्या शपथेची लत आहे. त्यासाठी शपथ मोडावी लागते, हे तुमच्या मेंदूला केव्हाच कळलंय."

"म्हणजे हे प्यावेत असं मला वाटतं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंच की! मी दारूच्या थेंबाला शिवलेले नाही बाई. पाणी तपासते मी, नमुना कधी बिघडतो आणि यंत्र कधी बिघडतं ते मला चांगलं कळतं. तुमचं यंत्र बिघडलंय."

मी तावातावाने टोपी काढत होते. पप्पा मात्र भिंतीकडे बघत उभे होते. रेघ अजून तिथे गोठून होती. ते स्वतःच्या तळहाताकडे बघू लागले, उलटासुलटा करून.

"माझ्या हातानं पोरीलाबी लावलं व्हय मी?" ते म्हणाले. कुणाला विचारत होते कोण जाणे. मग डॉक्टरांकडे वळले. "मॅडम, माझं करा. आजच करा."

"पप्पा, नीट विचार..."

"गप बस तू."

मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गप बसवलं.

आठवण मऊ करायला ती आधी जागी करावी लागते. म्हणून शेवटचं एकदा मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी हात ठेवला. या वेळी शपथ घेतली नाही. नुसते केसांवरून हात फिरवत राहिले, डोळ्यांतून धारा, नाक वाहतंय, पुसायचंही भान नाही. मी ओक्साबोक्शी रडत होते. मग त्यांना औषध दिलं आणि मला बाहेर पाठवलं.

संध्याकाळी आत बोलावलं तेव्हा ते डोक्यावर टोपी तशीच ठेवून खाटेवर बसले होते आणि चहात बिस्कीट बुडवत होते.

"आलीस व्हय? बस की," ते म्हणाले. "चहा सांगू तुला?"

मी त्यांचा हात उचलून डोक्यावर ठेवला. यंत्राने हूं की चूं केलं नाही. रेघ सपाट. पप्पा जरासे अवघडले आणि हात काढून घेऊन बिस्किटाकडे वळले. डॉक्टर म्हणाल्या, "झालं. सुटली गाठ." त्यांनी मला माझ्यासाठीही यायला सांगितलं. मी त्यांना नमस्कार केला आणि मनातल्या मनात एक शिवी दिली.

पप्पा बरे झाले. बरे म्हणजे ठणठणीत. दुकान वेळेवर उघडायला लागले, अंगावर मांस आलं, बाळूकाकांसोबत नुसता चहा पिऊन येऊ लागले. दारूच्या दुकानावरून जाताना त्यांची मानही वळायची नाही. आईला तर लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा मिळाला. दोघं रविवारी भाजी आणायला जोडीने जायची. आई नव्या साड्या काढायला लागली.

आणि माझ्याशी ते चांगले वागायचे. शेजारच्या किराणावाल्याशी वागायचे, तितकेच चांगले. "जेवलीस का?" विचारायचे, पण उत्तराला थांबायचे नाहीत. मला ताप आला तेव्हा त्यांनी गोळी आणून दिली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि मॅच बघायला गेले. पूर्वी मला साधी शिंक आली तरी हा माणूस नशेतसुद्धा उशाशी बसून असायचा. गोळी तर आणली, पाणी तर ठेवलं, मग तक्रार काय करणार? मी उशीत तोंड खुपसून रडले.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझं काय दुखतंय गं आता? सोन्यासारखा माणूस झालाय. दृष्ट नको लावूस." मलाही माझंच काही कळत नव्हतं. बाप जिवंत होता, शुद्धीत होता, यासाठीच तर सगळं केलं होतं. पण कामावर नमुने तपासताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळायची. एकदा, फक्त एकदाच, त्यांनी रडत रडत माझ्या डोक्यावर हात ठेवावा. डॉक्टर म्हणाल्या होत्या, गेलेलं परत येत नाही. डॉक्टर काय देव आहेत का, असं मी स्वतःला सांगायचे. पुन्हा सुरुवातीपासून शिकला मेंदू, तर?

एका रविवारी दुपारी आई भिशीला गेली होती. मी दारूच्या दुकानात गेले. हल्ली तिथे माणूस नसतो, पडद्यावर बोट टेकवायचं आणि बाटली खणातून पुढे येते. मी त्यांचीच बाटली निवडली. आत कुठेतरी हुरहूर होती, ऊब होती. घरी येईपर्यंत मी जवळजवळ पळत होते.

पप्पा जमिनीवर बसून पंख्याची मोटार खोलत होते. मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली, शेजारी त्यांचा ग्लास ठेवला. धुऊन आणला होता मी, आई धुवायची तसा.

त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे कुणासाठी गं?"

"तुमच्यासाठी." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "थोडीशीच घ्या. शेवटची. उद्या शपथ घेऊ."

ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि मला ते ऐकू आले. यकृताचे डॉक्टर काय म्हणाले होते ते मला पाठ होतं. मी माझ्या बापाला, जिवंत, धडधाकट बापाला, विष आणून दिलं होतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

पप्पा ओरडले नाहीत. त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं.

"हे डोळे मी वळखतो," ते म्हणाले. "दाढी करताना आरशात बघितल्यात." मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "कधीपासनं हाय गं तुझं?"

"पप्पा, चुकलं माझं. तुमची शपथ, परत नाही असं..." मी रडत रडत त्यांचा हात शोधत होते. डोकं खाली झुकवलं होतं. माझ्या टाळूला तो हात येणार असं वाटत होतं, आणि त्या तसल्या घडीतसुद्धा माझी छाती त्याच हुरहुरीने भरून आली होती.

हात आला नाही. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले होते.

"न्हाई," ते म्हणाले. "शपथ घ्यायची न्हाई. मी घेऊन घेऊन बघितल्यात. काय बी होत न्हाई त्यानं."

"मग मी काय करू?"

"उद्या मिरजेला जाऊ, मुजावर मॅडमकडं. मी येतो संगट."

"आणि नाही सुटलं तर?"

"तर परवा परत जाऊ."

मी वर बघितलं. ते बाटली आणि ग्लास घेऊन मोरीकडे निघाले होते. चेहऱ्यावर कळवळा नव्हता, डोळ्यांत टिपूस नव्हतं, माझ्यासाठी काळजात काही हललं असेल असं मला कुठेही दिसलं नाही. बाटली रिकामी करून ते परत आले, बसले, आणि मोटारीचे स्क्रू गोळा करता करता म्हणाले, "सकाळी लवकर उठ. पयली गाडी धरायची हाय."

ज्या बापाला माझी काहीच ओढ उरली नव्हती, तो बाप दुकान बंद ठेवून माझ्यासोबत येणार होता.